२३ दिवसांची लेक, पिवळे डोळे आणि आजीची गुटी

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. माझं सासर यावल तालुक्यात, बाळंतपणासाठी माहेरी चोपड्याकडे आले आहे. मुलगी २३ दिवसांची, पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवली होती. सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘लिव्हर अजून तयार नाही, होईल हळूहळू.’ तेव्हापासून घरात तोच विषय. डोळे मला अजूनही पिवळट वाटतात. आजी म्हणते, कानबाईचा सण झाला, आता गुटी सुरू करू म्हणजे लिव्हर पक्कं होईल. मी नको म्हटलं तर म्हणते, ‘गुटी देवाले काय व्हस?’ (गुटी द्यायला काय होतं?) मेडिकलवाल्या भाऊंनी लिव्हरचं टॉनिक दिलंय, दिवसातून दोनदा पाच थेंब. वहिनीच्या मुलाचं तापाचं औषध घरात आहे, लागलं तर अर्धं द्यावं का? मी दोन वेळा चहा घेते, तो बंद करू का? वडील आणि भाऊ कपाशीवर फवारणी करून येतात, त्याने काही होईल का? आणि मनातलं खरं विचारायचं तर, तिचं लिव्हर जन्मभर कमजोरच राहणार का? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.
— एक आई, चोपडा तालुका

उत्तर:

बेटा, बाकी सगळं नंतर. आधी त्या एका ओळीचं बोलू, जी तू जाता जाता लिहून गेलीस. डोळे अजून पिवळट वाटतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ साधारण दोन आठवड्यांत ओसरते. २३व्या दिवशीही डोळ्यांत पिवळेपणा दिसत असेल, तर बाळाला एकदा बालरोगतज्ज्ञाला दाखवायचं आणि रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ ज्याने दिसते तो पिवळा पदार्थ, तपासून घ्यायचं. नुसतं एकूण किती ते पुरेसं नाही, त्यात ‘डायरेक्ट’, म्हणजे लिव्हरने आपलं काम करून झालेलं, किती हेही हवं. तपासणीचा कागद हातात आला की तोच शब्द शोध. सोबत थायरॉइडची आणि लघवीची तपासणी करायची का, हेही विचार. बहुतेक बाळांमध्ये अशी रेंगाळलेली कावीळ अंगावरच्या दुधामुळे असते. ती निरुपद्रवी असते, दोन-तीन महिने टिकू शकते आणि तिच्यासाठी दूध तोडायचं नसतं. पण तिच्या आडून एक वेगळा आजार येऊ शकतो. त्यात लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद होत जातात. त्याचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर यश येण्याची शक्यता चांगली असते. तुझ्याकडे वेळ आहे, पण तो वाट बघण्यात घालवायचा नाही.

घरबसल्या तुला एक गोष्ट आजच बघता येईल. बाळाने शी केली की लंगोट उजेडात, दारापाशी ने आणि रंग बघ. मोहरीसारखा पिवळा, सोनेरी, हिरवट, यातलं काहीही ठीक. चुन्यासारखी, पांढऱ्या मातीसारखी, फिकट राखाडी शी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लघवीचंही तसंच. एवढ्या लहान बाळाची लघवी पाण्यासारखी असते, पांढऱ्या फडक्यावर डाग राहत नाही. गडद पिवळा डाग राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. घरभेटीच्या वेळापत्रकात आशाताईंची पुढची भेट २८व्या दिवशी येते, पण तू तोवर थांबू नकोस, उद्याच बोलावून घे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कारण झोप त्यानेच उडाली आहे. नाही, तिचं लिव्हर कमजोर नाही. ‘तयार नाही’ आणि ‘कमजोर’ या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. सोडताना त्या डॉक्टरांनी आणखी दोन मिनिटं दिली असती तर तुमच्या घरातले हे तीन आठवडे सुखाचे गेले असते. ती दोन मिनिटं मी आता देते.

आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ निघतो. तो तेलकट असतो, पाण्यात विरघळत नाही. बाळाला मालीश केल्यावर हात नुसत्या पाण्याने धुऊन बघ, तेल जात नाही, साबण लागतो. लिव्हर या पिवळ्या पदार्थाला असाच एक जोड लावतं, मग तो पाण्यात विरघळतो, पित्तातून आतड्यात येतो आणि शीवाटे निघून जातो. जोड लावणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात त्याचं, नाव आहे यूजीटी१ए१.

पोटात असताना हे काम बाळ करत नव्हतं, तू करत होतीस. तिच्या रक्तातलं बिलिरुबिन वारेतून तुझ्या रक्तात येत होतं आणि तुझं लिव्हर त्याला जोड लावून बाहेर टाकत होतं. वारेतून जातं ते बिनजोडाचं, तेलकट बिलिरुबिन. जोड लागलेलं बिलिरुबिन सहज पलीकडे जात नाही. म्हणजे बाळाच्या लिव्हरने पोटातच हे काम सुरू केलं असतं तर कचरा बाळाच्याच अंगात अडकून पडला असता. नऊ महिने ते एन्झाइम मिटून होतं, ते या व्यवस्थेला धरूनच. जन्माच्या वेळी त्याची ताकद मोठ्या माणसाच्या साधारण १ टक्का असते. नाळ कापली की ते वाढायला लागतं आणि तीन-साडेतीन महिन्यांत मोठ्यांच्या पातळीला पोचतं. मूल थोडं आधी जन्मलं तरी ही वाढ जन्मानंतरच वेग घेते. जन्म हीच त्याची घंटा.

त्यात आणखी एक भर पडते. नवजात बाळाच्या लाल पेशी ७० ते ९० दिवसच जगतात, आपल्या १२० दिवस. शिवाय बाळाच्या अंगात त्या असतातही जास्त. म्हणजे कचरा जास्त आणि झाडणारा नुकताच कामावर रुजू झालेला. म्हणून पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी ६० तरी पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. तुझी लेक त्या साठातली आहे.

निळ्या लाइटने काय केलं तेही सांगते, कारण आयांना वाटतं की बाळाला शेक दिला. त्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि मग लिव्हरने जोड न लावताही तो बाहेर पडू शकतो. लिव्हर तयार होईपर्यंत प्रकाशाने त्याचं काम हलकं केलं, इतकंच. हे हाती लागलं ते एका सिस्टरमुळे. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात १९५६ साली जे. वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना उन्हात बाहेर नेत. एका बाळाचं अंग उघडं होतं तिथे फिकट झालं आणि चादरीचा कोपरा ज्या भागावर होता तो पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. १९५८ मध्ये त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी प्रकाशाने कावीळ उतरते हे छापून मांडलं. रोज बाळ हाताळणाऱ्या बाईच्या नजरेचं मोल मला या गोष्टीत नेहमी जाणवतं, आणि म्हणूनच तुला ‘पिवळट वाटतं’ तेही मी हलकं घेत नाही. पण यावरून बाळाला अंगणात उन्हात ठेवायचं मात्र नाही. आपल्याकडे श्रावणात ऊन सापडत नाही आणि चैत्र-वैशाखात ते ४५ अंशांना भिडतं. दोन्ही वेळा बाळाचे हाल. निळ्या लाइटचा प्रकाश मोजून दिलेला असतो, अंगणातलं ऊन कोणी मोजत नाही.

आता गुटी. इथे मी जरा थांबणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आली होती. बाळ सात-आठ दिवसांचं. ‘पोर फार शहाणं, रडत नाही, झोपतंच’ असं सांगत होती. मी तळवे उघडून बघितले तर तळव्यांपर्यंत पिवळं. काय दिलं, काय दिलं, असं दोन-तीनदा विचारल्यावर आजीने पदराची गाठ सोडली. त्यात अर्धं जायफळ होतं. रोज सहाणेवर उगाळून उगाळून त्याची एक बाजू तापीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. आजीच्या डोळ्यांत अपराध नव्हता, नुसती माया होती. बाळ रात्री रडायचं, बाळंतीण थकलेली, म्हणून दोघांना झोप मिळावी एवढाच हेतू.

पण ती झोप म्हणजेच औषधाचा अंमल. जायफळात गुंगी आणणारी द्रव्यं असतात. गुंगीतलं बाळ दूध ओढत नाही. दूध पोटात गेलं नाही की शी होत नाही. आणि शी अडली की आतड्यात आलेल्या बिलिरुबिनचा जोड तिथेच सुटतो आणि ते पुन्हा रक्तात जातं. लिव्हर ज्याला हाकलून आलं, तोच मागच्या दाराने परत. आजी कावीळ उतरावी म्हणून गुटी देते आणि तीच गुटी कावीळ वाढवते. ते बाळ लाइटखाली राहिलं, तीन-तीन तासांनी आईचं दूध वाटी-चमच्याने पाजलं, आणि चौथ्या दिवशी चांगलं मोठ्याने रडत घरी गेलं. आजीने ते अर्धं जायफळ माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेली.

गुटीत वेखंडही असतं. त्यात असॅरोन नावाचं द्रव्य आहे आणि आपल्या देशी वेखंडात ते बरंच असतं. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. लहान बाळांना वेखंडाने जोराच्या उलट्या झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे. आजी म्हणेल, दोनच वेढे. पण वेढ्याचं माप कोण ठरवणार? एक हात हलका, एक जड, एक सहाण खरखरीत, एक झिजलेली. आणि मोठ्या माणसात काही तासांत निकाल लागणारी वस्तू २३ दिवसांच्या बाळात दिवस-दिवस रेंगाळू शकते. आज दोन वेढे, उद्या दोन, परवा दोन. आधीचं निघायच्या आत पुढचं येऊन बसतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, आणि वर्ष होईपर्यंत मध नाही. यात मी कोणाच्याही भावनेसाठी सूट देत नाही.

आजीला मात्र मोडीत काढू नकोस. खापरावरचे मांडे करताना तिला बघितलं असशील. खापर तापलं की नाही हे ती वरून हात फिरवून ओळखते, आणि तापायच्या आत मांडा टाकला तर चिकटतो हे तिच्याइतकं कोणाला कळणार? तिला तसंच सांग: आजी, खापर अजून तापायचंय, आपण काही टाकायचं नाही. मालीश तिच्याकडे दे, हलक्या हाताने, नाका-कानात तेल न घालता. ओव्या म्हणणं तिच्याकडे दे. तुला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळ, मेथीची भाजी वेळेवर मिळते का हे बघणं तिच्याकडे दे, कारण बाळाचं औषध तुझ्या ताटातून जातं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाज. बाळ झोपलं असेल तर तळवे चोळून उठव.

टॉनिक परत कर. या एन्झाइमला जागं करणारं एक खरं औषध आहे, फेनोबार्बिटोन. ते मुळात फिटचं औषध आहे, त्याने गुंगी येते आणि ते तज्ज्ञाने ठरवल्याशिवाय कोणी द्यायचं नसतं. बाटलीवर लिव्हरचं चित्र असलेल्या थेंबांनी यूजीटी१ए१ लवकर येत नाही.

‘अर्धं देऊ का’ या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर देते, कारण तो प्रश्न प्रत्येक घरात आहे. आपल्याला वाटतं बाळ म्हणजे लहान माणूस, तर औषधही त्या हिशेबाने कमी करायचं. लिव्हरचा हिशेब तसा चालत नाही. त्यात औषधं आणि विषं निकामी करणारी कितीतरी एन्झाइम आहेत आणि प्रत्येकाची येण्याची तारीख वेगळी. पोटात असताना सीवायपी३ए७ नावाचं एक एन्झाइम काम करतं. जन्मानंतर ते मागे सरतं आणि त्याचाच भाऊ सीवायपी३ए४ पुढे येतो. आपण मोठी माणसं जी औषधं घेतो त्यातली निम्म्याच्या आसपास या भावाच्या हातून जातात, पण त्याला पूर्ण ताकद यायला जवळजवळ वर्ष लागतं. सीवायपी२डी६ आणि सीवायपी२ई१ जन्मानंतर काही तासांतच डोकं वर काढतात. सीवायपी१ए२ सगळ्यात उशिरा, एक ते तीन महिन्यांनंतर. दारू पचवणाऱ्या एन्झाइमला तर काही वर्षं लागतात, म्हणून जुन्या काळी पोटदुखीच्या पाण्यात अल्कोहोल असायचं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि काही गोष्टी बाळाला जन्मतःच छान जमतात. गंधकाचा जोड लावणारी एन्झाइम पोटात असल्यापासून तयार असतात. म्हणून पॅरासिटामॉल, जे आपण मोठे मुख्यतः यूजीटी घराण्यातल्या एन्झाइमच्या जोडाने बाहेर टाकतो, ते बाळ गंधकाच्या जोडाने बाहेर टाकतं. एक दार बंद तर दुसऱ्या दाराने. मात्र त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून दोन डोसांमधलं अंतर नवजात बाळात जास्त ठेवतात.

हे न कळल्याची किंमत जगाने मोजलेली आहे. १९५०च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक नवजात बाळांना दिलं जायचं. ते बाहेर टाकायला यूजीटीचाच जोड लागतो. औषध अंगात साचत गेलं, बाळांचं पोट फुगलं, उलट्या झाल्या, अंग राखेसारखं करडं पडलं आणि कितीतरी दगावली. ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव त्या रंगावरून पडलं. १९५९ मध्ये डॉक्टरांनी ते उघड मांडलं. औषध बनावट नव्हतं, देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, फक्त ते एन्झाइम अजून आलेलं नव्हतं.

उलट बाजूही बघ. एक-दोन वर्षांनंतर हीच मुलं काही औषधं किलोमागे आपल्यापेक्षा भराभर बाहेर टाकतात. बाळाचं लिव्हर शरीराच्या वजनाच्या साधारण ४ टक्के असतं, आपलं २ टक्क्यांच्या आसपास, आणि एकदा एन्झाइम आली की मोठ्या लिव्हरची ती ताकद दिसते. फिटच्या काही औषधांचा डोस म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. आणि आया घाबरून तो आपल्या मनाने कमी करतात. चिठ्ठीवर लिहिलेला डोस मोठा वाटला तर विचारावं, पण हाताने कमी करू नये.

वहिनीच्या मुलाच्या बाटलीकडे परत येते. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या बाटलीत बहुधा ५ मिलीत १२५ किंवा २५०. म्हणजे ड्रॉप्स सिरपपेक्षा चौपट किंवा दुप्पट तीव्र. ‘अर्धा चमचा’ म्हटलं की नक्की किती गेलं, हे बाटली हातात घेऊन वाचल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय तुझ्या लेकीला या वयात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर तो घरी उतरवायचा ताप नाहीच. त्याच तासाला दवाखाना. खोकल्याचं सिरप तर घरात ठेवूच नको. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित कफ सिरपने लहान मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूही नयेत आणि देऊही नयेत. तूही कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेऊ नको. आईच्या अंगात त्याचं मॉर्फिन होतं, दुधातून बाळाकडे जातं, आणि मॉर्फिनला जोड लावणारं एन्झाइमही अजून अपुरं आहे.

चहा? दोन छोटे कप खुशाल पी. मोठ्या माणसात चहातलं कॅफिन पाच तासांत निम्मं होतं, नवजात बाळात त्याला तीन-चार दिवस लागतात, कारण ते सीवायपी१ए२ कडे जातं आणि ते अजून यायचं आहे. पण तुझ्या दोन कपांतून दुधात उतरतं ते फार थोडं. पाच-सहा कपांवर गेलीस तर बाळ चिडचिडं होईल. याच गोष्टीचा डॉक्टर उपयोगही करून घेतात. कमी दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो तेव्हा त्यांना कॅफिन देतात, आणि ते इतका वेळ टिकतं की दिवसातून एकदाच पुरतं.

फवारणीची काळजी तू केलीस हे मला सगळ्यात आवडलं, कारण ती कोणीच करत नाही. कपाशीवरच्या काही कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट असतं. त्यातल्या काहींचं विष मोडणारं पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम लिव्हरमध्ये बनतं आणि रक्तात फिरतं. नवजात बाळात ते आईच्या मानाने बरंच कमी असतं आणि वर्ष-दोन वर्षांत वर येतं. म्हणजे भावाला जेवढ्या वासाने नुसतं डोकं जड होतं, तेवढा वास बाळाला जड जाऊ शकतो. वडील-भावांनी शेतातून आल्यावर कपडे बाहेरच उतरवायचे, साबणाने अंघोळ करायची, मगच बाळाला हात लावायचा. ते कपडे वेगळ्या बादलीत, लंगोटांबरोबर कधीच नाही. फवारणीच्या औषधाचे डबे बाळंतिणीच्या खोलीत काय, घराच्या छपराखालीच नकोत. पंप नळाच्या ओट्यावर धुवायचा नाही.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. बाळाला जुने मऊ कपडे घालायची आपली चांगली रीत आहे, पण ते ट्रंकेतून काढताना डांबरगोळ्यांचा वास येतो का बघ. काही बाळांच्या लाल पेशींत जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. आपल्या सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांतही अशी मुलं आहेत. त्यांत मुलगे जास्त असतात, पण मुलीही असू शकतात. अशा बाळात डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने लाल पेशी भराभर फुटतात आणि कावीळ एकदम चढते. वास असेल तर कपडे धुऊन, दोन-तीन दिवस उन्हा-वाऱ्यात टांगून, मगच घाल. दवाखान्यात जी६पीडीची तपासणी झाली होती का, तेही उद्या विचारून घे.

बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, किंकाळीसारखं तारस्वरात रडायला लागलं, अंग मागे धनुष्यासारखं ताणायला लागलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांवर उतरला, तर १०८ लाव. रात्रीचे दोन वाजले असतील तरी.

उद्या सकाळी पहिल्या दुधानंतर जी शी होईल तो लंगोट धुऊ नकोस. आजीला सोबत घे, दारातल्या उजेडात दोघी मिळून बघा, आणि तोच लंगोट पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन जा. डायरेक्ट बिलिरुबिनचा आकडा आला की मला लिही. पाकिटावर ‘तातडीचं’ एवढं लिहिलंस की ते आधी उघडेन.